पाच ठोके आणि गप्प

बुरानाला, म्हणजे कझाख माळावरच्या बर्फाच्या वादळाला, पहाट कळत नाही. फेब्रुवारीच्या वीस तारखेला सकाळी सहा वाजता दामेतकेननं ओसरीचं दार लोटलं तेव्हा बाहेर ना आभाळ होतं ना जमीन. अख्खा माळ कुणी चाळणीत घालून चाळावा तसा बर्फ आडवा वाहत होता. तिनं डाव्या हातानं दोर पकडला आणि मान खाली घालून चालू लागली. घरापासून यंत्रांच्या आवारापर्यंत चाळीस पावलं दोर बांधलेला असतो, नोव्हेंबरात बांधायचा आणि एप्रिलात सोडायचा. हवामानाच्या या ठाण्यावर येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी चहाच्या आधी एकच गोष्ट सांगतात. दोर सोडून गेलेला एक निरीक्षक वसंतात सापडला, आणि तोही आवारापासून साठ पावलांवर.

वारा ईशान्येचा, सेकंदाला अठरा मीटर. पारा उणे एकोणीस. तापमापक ठेवलेल्या झरोक्याच्या पेटीचं दार उघडायला तिला खांदा लावावा लागला. आकडे पाठ करत ती परतली, कारण अशा हवेत कागद काढला तर कागद जातो, कधी बोटंही जातात. कोळशाच्या खोपीचा एक पत्रा सुटला होता. तो वाऱ्याबरोबर धाड धाड आपटत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा आपटत होता. उजाडल्यावर ठोकू, असं म्हणून ती आत आली, आकडे वहीत उतरवले आणि रेडिओवरून केंद्राला वाचून दाखवले. अकरा वर्षांत तिची एकही नोंद चुकली नव्हती. मुलं झाली तेव्हाही, असं लोक म्हणाले असते, पण तिला मुलं नव्हती.

टेबलावर नमद्याच्या, जाड लोकरीच्या टोपीखाली चहाची किटली ऊबदार होती आणि फळीवर रात्रीच्या निरीक्षकाचा, आगांचा, मग उपडा होता.

उपडा मग म्हणजे झोपलोय, हाक मारू नकोस. उताणा मग म्हणजे जागा आहे किंवा बाहेर आहे. ठाण्यावर माणसं दोनच, दामेतकेन, जिला सगळे दामेश म्हणत, आणि आगा. रात्रीची ड्यूटी आगांची, दिवसाची दामेशची. ती उठायच्या आत आगा वही लिहून, तिच्यासाठी चहा करून, आपल्या खोलीचं दार ओढून घेत. संध्याकाळी ते उठायच्या आत ती त्यांच्यासाठी ताटली झाकून ठेवी. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, ती दोघं एकमेकांना नीट दिसत. बाकीचं मगावर चाले.

ही मगाची रीत त्यांनी एका कादंबरीतून उचलली होती.

दामेशला वाचायचं वेड होतं, पण सगळंच नाही. ट्रॅक्टरवाला आणि गवळण कणसांत उभे राहून एकमेकांना सांगतात, की आपलं प्रेम आहे आणि यंदा गहूही जास्त आहे, असली पुस्तकं तिनं बंबात घातली नाहीत एवढंच. तिला अवकाशातल्या कादंबऱ्या हव्या असत, लांब पल्ल्याच्या. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी जहाजं, गोठवलेले खलाशी, परकं सूर्यबिंब. आणि त्या सगळ्या यंत्रांच्या घरघरीत कुठंतरी कोपऱ्यात दोन माणसं, जी एकमेकांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. एकानं दुसऱ्याचा हातमोजा शिवून ठेवलेला असतो, बस. लेखक ते अर्ध्या ओळीत सांगून पुढं इंधनाच्या टाकीकडं वळतो. दामेश त्या अर्ध्या ओळीवर थांबायची. पुस्तक मांडीवर पालथं घालून खिडकीबाहेर बघत बसायची. असं वाटे, की कुणीतरी आपल्याला एकटीलाच सांगितलंय आणि जहाजावरच्या बाकी माणसांना पत्ताच नाही.

माळावर रॉकेटं सगळ्यांनीच पाहिलेली. दक्षिणेत कुठंतरी उडत, संध्याकाळच्या आभाळात जेलीमाशासारखी फुगत, आणि त्यांची रिकामी टरफलं इकडं माळावर पडत. मेंढपाळांनी त्यांचे गोठे केले, गव्हाणी केल्या. ठाण्याच्या ओसरीबाहेर खांबाला अशाच टरफलाचा एक हातभर लांब, जाड तुकडा टांगलेला होता, उन्हाळ्यात ठोकून कुरणातल्या माणसाला जेवायला बोलवायला. त्यामुळं अवकाश म्हणजे काही फार लांबची गोष्ट नव्हती. लांबची गोष्ट होती ती बोलणं.

आगा तिच्या मेलेल्या नवऱ्याचे चुलत थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे. माळावरची सून भासऱ्याचं नाव घेत नाही, आगा म्हणजे थोरले एवढंच म्हणते. तोंडानं तर नाहीच, स्वप्नातही घेतलं तर उठून पाणी पिते. ती त्यांच्या खोलीच्या दाराला हात लावत नाही, त्यांच्या अंथरुणावरून पाय टाकत नाही. नवरा विहीर खणताना गेला तेव्हा दामेश सत्तावीसची होती. भाऊबंद जमले आणि रीतीप्रमाणं म्हणाले, की ही आता थोरल्याची बायको होऊन त्याच्या घरात जाऊ दे. तेव्हा आगा भूगर्भवाल्यांबरोबर हिंडून नुकते परतले होते, लग्न केलेलं नव्हतं. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "तिला कुणी विचारलंय का?" कुणी विचारलं नव्हतं. दामेशनं पडद्याआडून नाही सांगितलं. मेंढरासारखं या गोठ्यातून त्या गोठ्यात जायचं नव्हतं तिला. ती करागांदी शहरात गेली, निरीक्षकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला आणि या ठाण्यावर रुजू झाली. दोन वर्षांनी दुसऱ्या निरीक्षकाची जागा रिकामी झाली, तिथं अर्ज आला तो आगांचा. आल्या दिवशी त्यांनी बोचक्यातून जाडजूड निळं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "वाचून झालं की सांग, दोनशे साठावं पान कसं वाटलं." मग झोपायला गेले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

भट्टीशी बालझान म्हातारी लोळत होती. दीड कोसावरच्या हिवाळी वस्तीवरून ती काल पीठ न्यायला घसरगाडीवर आली आणि वादळानं इथंच अडकली. सातच्या सुमारास ती उठून बसली, मिठाच्या चहात लोण्याचा गोळा सोडला आणि म्हणाली, "वाच गं ते तुझं चांदण्यांचं. नाहीतर हा पत्रा माझं डोकं फोडेल."

दामेशनं निळं पुस्तक काढलं. सातव्यांदा वाचत होती. रशियनमधून वाचायची आणि म्हातारीला कझाखमध्ये सांगायची.

"कुठवर आलो होतो आपण?"

"ती वैदीण आणि तो जहाज हाकणारा. मग? धरला का हात तिचा?"

"नाही, आपा."

"पानं किती झाली?"

"दोनशे पन्नास."

"अडीचशे पानं आणि हात नाही! आमच्याकडं एवढ्यात नातवंडांची सुंता झाली असती."

"ते एकमेकांना भेटतच नाहीत. तो जागा असतो तेव्हा ती झोपते, ती जागी असते तेव्हा तो. जहाजावर पहारे असतात ना."

"मग पोरं कधी व्हायची?"

"होत नाहीत."

"काय जळ्ळी ही माणसं! एवढं इंधन फुकट." म्हातारीनं मान फिरवून फळीकडं पाहिलं. "तुमचं तरी काय वेगळं चाललंय म्हणा. उपडा मग, उताणा मग. मी म्हातारी आहे, आंधळी नाही."

दामेशनं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि वाचत दहा पानं पुढं गेली. दोनशे साठ. जहाज हाकणारा बाहेर, कवचावर, तुटलेली तार जोडायला गेलेला असतो. त्याचा दिवा विझतो. कुठल्या बाजूला दार आहे त्याला कळत नाही. कानातल्या यंत्रात नुसती खरखर, जहाजाच्या पत्र्याची कुरकुर, सगळे आवाज एकसारखे. वैदिणीला तो दिसत नाही. ती फक्त आकडे म्हणते. एक, दोन, तीन, चार, पाच. मग गप्प. मग पुन्हा. अकरा पानं ती दुसरं काही बोलत नाही. खरखरीला आकडे येत नाहीत, म्हणून त्याला कळतं, हे माणूस आहे. तो आवाजाच्या मागं येतो. आत आल्यावर ती म्हणते, तुमचा चहा गार झाला.

"एवढंच?" बालझान म्हणाली.

"एवढंच."

"रडतेस कशाला मग?"

"धूर झालाय भट्टीचा."

"भट्टी माझ्याकडं आहे. धूर मला लागत नाही न् तुला लागतो?"

दोघी हसल्या. दामेशनं पुस्तक पालथं घातलं. फार बरं वाटत होतं. बाहेर जग बुडत होतं आणि आत चहा होता, पान दोनशे साठ होतं, भिंतीपलीकडं आगा झोपलेले होते. असं सुख अंगावर घेऊन ती आठ वाजेपर्यंत बसली. पुढं आयुष्यभर तिला हाच तासभर टोचणार होता.

आठला खिडकीत करडा उजेड आला. दर दहा दिवसांनी बर्फाची खोली मोजायची असते. विहिरीच्या पलीकडं नैर्ऋत्येला दोनशे-दोनशे पावलांवर तीन खांब होते. त्या दिवशी काम दामेशचं होतं. या वादळात जाणं शक्य नव्हतं. तसं वहीत लिहायचं आणि निदान मापाची काठी झटकून ठेवायची, म्हणून ती ओसरीत गेली.

खुंटीवर काठी नव्हती.

तिनं खाली पाहिलं. आगांचे नमद्याचे बूट नव्हते. मेंढीच्या कातड्याचा लांब डगला नव्हता. विजेरी नव्हती.

"आपा," ती म्हणाली. आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला. "आगा बाहेर आहेत."

"काहीतरीच. मग उपडा आहे की."

"काठी नाहीये."

मग तिला सगळं एकदम दिसलं. मागच्या महिन्यात ती आठला खांबांकडं निघाली तेव्हा वहीत आकडे आधीच होते, आगांच्या वाकड्या अक्षरात. त्याआधीच्या महिन्यातही. तिनं विचारलं होतं तर म्हणाले होते, झोप येत नव्हती, पाय मोकळे केले. तिचा डावा गुडघा ऑक्टोबरपासून धरला होता. आज वादळ वाढणार हे त्यांनाही कळलं असणार. उजाडायच्या आत उरकून टाकू म्हणून गेले, आणि तिला कळू नये म्हणून जाताना मग उपडा करून गेले.

"त्यांच्या खोलीचं दार उघडून बघते," ती म्हणाली आणि दारापाशी जाऊन थांबली.

नऊ वर्षं या दाराला तिनं हात लावला नव्हता. हात वर गेला आणि तिथंच राहिला.

"बाहेरून खोक," बालझान कुजबुजली. "सुनेनं उघडू नये. माणूस झोपलेला असेल तर?"

दामेश खोकली. पुन्हा खोकली. म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "आज वारा फार आहे बाई!" आतून काही नाही. दोघी भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. पत्रा आपटत होता, त्यात कुणाचा श्वास ऐकू येणार? किती वेळ गेला देव जाणे. दहा मिनिटं असतील. माळावर दहा मिनिटांत माणसाची बोटं जातात, आणि या दोघी शिष्टाचार पाळत उभ्या होत्या.

"मरू दे रीत," दामेश म्हणाली आणि दार ढकललं.

अंथरूण घडी घालून भिंतीशी ठेवलेलं होतं. उशीवर सुरकुती नव्हती.

तिनं रेडिओ उघडला. ही केंद्राची वेळ नव्हती, चार-पाच हाकांनंतर गेन्नादीनं उचललं. नवाच पोरगेला रेडिओवाला होता, जानेवारीत आलेला.

"माणूस बाहेर अडकलाय," ती म्हणाली. "पहाटेपासून. गाडी पाठवा."

"कुठून पाठवू? इथं अंगणातलं दिसत नाहीये. परवापर्यंत काही हलणार नाही." तो घाबरला होता आणि घाबरलेला माणूस कागद धरतो. "नोंद घेतो. कोण अडकलंय?"

"आमचे आगा."

"नाव सांगा."

"दुसरे निरीक्षक."

"माझ्याकडच्या यादीत तुमच्या ठाण्याचे तिघं आहेत, ही जुनी यादी आहे. नाव सांगा ना, दवाखान्याला कळवायचंय, जिल्ह्याला कळवायचंय. आगा आगा काय? या मुलखात दर दुसरा माणूस आगा आहे!"

बालझाननं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी नेलं. दामेशनं यंत्राचं बटण दाबून धरलं. हे नाव तिनं वहीत वाचलेलं, पगाराच्या कागदावर पाहिलेलं, पुस्तकांच्या पहिल्या पानावर बोट ठेवून पाहिलेलं. आवाजात कधी नाही.

"सिझ्दिक," ती म्हणाली. मग थांबता आलं नाही. "सिझ्दिक, एरझानचा मुलगा. वय अठ्ठेचाळीस. उंच आहे. डाव्या कानाला ऐकायला कमी येतं. सिझ्दिक."

"लिहिलं," गेन्नादी हळूच म्हणाला.

ती डगला चढवू लागली तशी म्हातारीनं तिचा पट्टा धरला.

"कुठं?"

"खांबांकडं."

"आणि मग? तुला कोण शोधणार? मी? सत्तरीची?"

"सोडा आपा."

"सोडत नाही. माझा थोरला असाच गेला होता बापाला शोधायला. बाप परत आला." तिनं पट्ट्याला आणखी एक पीळ दिला. "तो काही शहरी नाही. कुठंतरी बर्फात बीळ करून बसला असेल. त्याला घर कुठं आहे ते सांग. इथून सांग."

दामेश थांबली. निरीक्षकाचं डोकं हळूहळू चालायला लागलं. वारा ईशान्येचा, खांब नैर्ऋत्येला. म्हणजे आवाज वाऱ्याबरोबर त्यांच्याकडंच जाईल. वाट चुकलेला माणूस वाऱ्याला पाठ देतो. म्हणजे ते खांबांच्याही पलीकडं गेले असतील, आणि परत यायचं तर तोंडावर वारा घेऊन.

तिनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक ओसरीच्या खांबाला. कोळसा फोडायची हातोडी घेतली आणि टांगलेल्या तुकड्यावर घाव घालायला सुरुवात केली. धाड. धाड धाड. धाड. जीव खाऊन मारत होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपला आवाज आणि खोपीच्या पत्र्याचा आवाज तिला स्वतःलाच वेगळा सांगता येत नाहीये. वाराही असाच ठोकतोय. सहाशे पावलांपलीकडच्या, एका कानाच्या माणसाला काय कळणार?

मग ती दोनशे साठाव्या पानाप्रमाणं ठोकू लागली.

पाच ठोके, एकसारखे, एका अंतरानं. मग पाच श्वास गप्प. मग पुन्हा पाच. गप्प राहणं सगळ्यात अवघड होतं. त्या पाच श्वासांत सगळं मनात येत होतं. तो तास, तो चहा, ते हसणं. हात न थांबता मारत राहिला असता तर बरं वाटलं असतं, पण वाऱ्याला गप्प बसता येत नाही, माणसाला येतं, आणि फरक तेवढाच होता. एक, दोन, तीन, चार, पाच.

बोटं बधिर झाली तेव्हा बालझाननं हातोडी मागितली. म्हातारीनं चार ठोके मारले, मग सात, मग नुसतंच बडवलं.

"पाच, आपा! पाचच!"

"मेंढरं मोजायची सवय मला, ती कधी पाच असतात का?"

दामेशनं हातोडी परत घेतली. आत घड्याळात नऊ वाजत होते. नऊची नोंद. आवार चाळीस पावलांवर होतं, जाऊन यायला दहा मिनिटं. त्या आकड्यांवर विमानं उडायची, माळावरचे कळप हलायचे. बालझान आतून ओरडली, "नऊ झाले गं!" दामेशनं ऐकलं. पाच ठोके मारले. पाच श्वास थांबली. पुन्हा पाच मारले.

नऊ वाजून गेले.

साडेनऊच्या पुढं केव्हातरी खोपीच्या कोपऱ्यावर बर्फाचा एक ढीग हलला. तिला वाटलं वाऱ्यानं सरकला. मग त्या ढिगातून एक लांब काठी वर आली, पट्ट्यापट्ट्यांची, आणि भिंतीवर टकटक वाजली.

दोर तिथवर पुरला नाही. तिनं तो सोडला, दातांनी गाठ उकलून, आणि अठरा पावलं नुसतीच गेली. आगा चार पायांवर होते. भुवया, मिशा, टोपी, सगळ्याचा एकच बर्फ झाला होता. तिनं त्यांना काखेत धरलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. डगल्यासकट, हातमोज्यांसकट, आणि दोघांनाही त्याचं काही भान नव्हतं. बालझान ओसरीतून शिव्या देत होती, मोठ्यांदा, न थांबता, आणि त्या शिव्यांच्या दिशेनं ती दोघं आली.

भट्टीपाशी बसवल्यावर आगांनी तोंड हलवून पाहिलं. ओठ सुटायला वेळ लागला.

"तीन नंबर," ते म्हणाले. "अडतीस सेंटिमीटर."

दामेशला नेहमी वाटायचं, असा प्रसंग आपल्यावर आलाच तर आपण एखादं सुंदर, साधं वाक्य बोलू. पुस्तकातल्यासारखं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"आग लागो तुमच्या अडतीसला! मेला असता तर कुणाच्या छातीवर रोवली असती ती काठी? मग उपडा करून जाता? मला काय खुळी समजलात? मी इथं बसून चहा पीत होते, पुस्तक वाचत होते!"

सुनेनं भासऱ्यावर असा आवाज चढवलेला बालझाननं सत्तर वर्षांत ऐकला नव्हता. ती अगदी खूश होऊन कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली आणि आगांचे बूट ओढू लागली. उजव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी होती.

"राहतील की जातील?" आगांनी विचारलं.

"संध्याकाळी कळेल. ठणकली तर राहिली," म्हातारी म्हणाली. "आणि एरझानच्या पोरा, तुझं नाव आज जिल्हाभर झालंय. हिनं घेतलं. रेडिओवर. एकदा नाही, तीनदा."

आगा पाण्यातल्या पायांकडं बघत राहिले. दामेशनं खिडकीकडं तोंड केलं.

"तीनदा," आगा म्हणाले. "फार झालं. आता जपून वापर. वर्षभर पुरायला हवं."

"पुरवीन."

"ठोके तिसऱ्या खांबापलीकडून ऐकले. आधी पत्रा वाटला. मग मोजले." त्यांनी पाण्यातला पाय हलवला. "पाच झाल्यावर थांबलीस तेव्हा उठलो."

तिनं कपात चहा ओतला, साखर ढवळली, त्यांच्या हाताला पेलत नव्हता म्हणून धरून राहिली.

"ती काठी माझ्या ड्यूटीची होती," ती म्हणाली.

"तुझा गुडघा."

"गुडघा माझा आहे. माझा दुखू दे. पुन्हा माझ्या आधी उठून माझं काम करायचं नाही. खांबांकडं जायचं तर दोघांनी जायचं, कमरेला एक दोर बांधून."

"मग एकाची झोप मोडणार."

"मोडू दे."

"दोघंही जागे?" आगांनी मान वर केली. मिशीतला बर्फ वितळून हनुवटीवरून गळत होता.

"दर दहा दिवसांनी," दामेश म्हणाली. "दोघंही जागे."

बालझाननं भट्टीत तोंड घातलं आणि निखारे उगाच हलवले.

"तुमच्या त्या पुस्तकात," निखाऱ्यांना उद्देशून ती म्हणाली, "हे एवढं सांगायला चारशे पानं लागली असती."

वारा तसाच होता. खोलीत ओल्या कातड्याचा आणि मेंढीच्या चरबीचा वास भरला होता. बारा वाजता गेन्नादीनं स्वतःच हाक घातली. माणूस सापडला ऐकून तो एवढ्या जोरात ओरडला, की यंत्र खरखरलं. मग आवाज बारीक करून त्यानं विचारलं, की नऊची नोंद त्याच्याकडं आलेली दिसत नाही, वरून विचारतायत, काय कळवू.

"नोंद घेतलेली नाही," दामेश म्हणाली.

"कारण काय लिहू?"

तिनं वळून पाहिलं. आगा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. पायाची बोटं ठणकायला लागली असावीत, कारण कपाळावर आठी होती. ती आठी बघून तिला किती बरं वाटलं, हे लिहायला वहीत रकाना नव्हता.

"निरीक्षक कामात होती, असं लिही."

बाराचे आकडे तिनं वाचून दाखवले. वारा सोळा, पारा उणे अठरा. वहीत नऊच्या ओळीवर आडवी रेघ मारली, सरळ, पट्टी लावून. तेवढ्यात पिंपातलं पाणी तळाला गेल्याचं बालझाननं ओरडून सांगितलं. घमेल्याला लागणार, चहाला लागणार, आता तिघांसाठी मांस शिजवायला लागणार. दामेशनं डगला चढवला, बादली आणि फावडं उचललं, आणि ओसरीच्या आडोशाला साचलेला स्वच्छ बर्फ दाबून दाबून बादलीत भरू लागली.